आइस हॉकीचा गोली सतत गुडघ्यांवर का बसतो?

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून एका वडिलांनी विचारलंय (गोली म्हणजे गोलरक्षक, पक म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती): "मुलगा अकरा वर्षांचा, उंची १४० सेंटिमीटर. यंदा हट्टानं गोली झाला. कोच त्याला प्रत्येक शॉटला गुडघ्यांवर बसायला लावतात आणि पक खांद्यावरून जाऊन गोल होतो. जुन्या सामन्यांचे व्हिडिओ पाहिले तर गोली उभे राहून अडवायचे. आताचे गोली खरंच जास्त चांगले आहेत, की फक्त पॅड मोठे झालेत? आणि रोज असं आपटून पोराचे गुडघे जाणार नाहीत ना?"

प्रश्न तीन दिसतात, पण मला त्यात एकच दिसतो: गोली उभा राहायचा तो खाली का आला? हे एकदा उलगडलं की तुमच्या मुलानं कधी बसायचं आणि कधी नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल. कोचशी बोलायलाही ते उपयोगी पडेल.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी ठाण्यात विकेटकीपर होतो. कॅनडात आल्यावर तिशीत पहिल्यांदा स्केट बांधले. ऑफिसातले मित्र म्हणाले, "कीपर होतास ना, मग जा जाळ्यात." आईला फोनवर सांगितलं की मी इथे गोली झालोय, तर तिनं घाबरून विचारलं, "कसली गोळी? कोणी दिली?" असो. गेली बावीस वर्षं मिसिसागात लहान मुलांना हेच शिकवतोय. मुलाला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय छातीठोक काही सांगता येत नाही. समोरची पोरं पक किती उंच उचलतात, तुमचा मुलगा बसल्यावर किती लवकर उठतो, आठवड्यातून किती वेळा बर्फावर असतो, या सगळ्यावर उत्तर बदलतं. पण हिशेब मात्र सगळ्यांसाठी तोच आहे.

जाळं सहा फूट रुंद आणि चार फूट उंच, म्हणजे १८३ बाय १२२ सेंटिमीटर. मोठ्यांना तेवढंच आणि तुमच्या मुलालाही तेवढंच. आता समजा पक जाळ्यापासून नऊ मीटरवर आहे. गोली गोलरेषेवरच चिकटून उभा राहिला तर त्याला सगळेच्या सगळे १८३ बाय १२२ सांभाळायचे आहेत. तो १.८ मीटर पुढे आला, म्हणजे साधारण क्रीजच्या, जाळ्यासमोरच्या निळ्या भागाच्या, टोकाशी, तर पकपासून दोन्ही खांबांकडे जाणाऱ्या रेषा तिथे एकमेकींच्या जवळ आलेल्या असतात. रुंदी उरते १४६ सेंटिमीटर. बहुतेक लोक इथेच थांबतात, पण खरी गंमत उंचीत आहे. पक बर्फावर आहे, तिथून वरच्या आडव्या दांड्याकडे जाणारी रेषा तिरकी चढत जाते, त्यामुळे गोली उभा आहे त्या जागी ती १२२ वर नसते, ९८ वरच असते. त्याच्यावरून गेलेला पक दांड्याच्याही वरून जाणार, तो सोडून द्यायचा.

आता १८८ सेंटिमीटरचा माणूस गुडघ्यांवर बसवा. त्याचे खांदे मीटरभर उंचीच्या थोडे वरच येतात. म्हणजे बसूनही त्यानं वरची बाजू झाकलेलीच असते, आणि पाय दोन्ही बाजूंना पसरल्यामुळे खालचा बर्फही बंद होतो. बर्फालगतचा शॉट मारायला सगळ्यात सोपा, आणि उभ्या माणसाला अडवायला सगळ्यात अवघड. बसणं म्हणजे शरण जाणं नव्हे. जिथून गोल होण्याची शक्यता जास्त तिथे शरीर आधीच ठेवून देणं, एवढंच ते आहे. पाय फुलपाखराच्या पंखांसारखे पसरतात म्हणून त्याला बटरफ्लाय म्हणतात.

दुसरा हिशेब वेळेचा. हल्ल्याचा भाग जिथे सुरू होतो त्या निळ्या रेषेपासून गोलरेषा ६४ फूट, म्हणजे साडेएकोणीस मीटर. ताशी १६० किलोमीटर वेगाचा शॉट तिथून यायला ०.४४ सेकंद लागतात. वेगवान गोलंदाजासमोर फलंदाजाला साधारण एवढाच वेळ मिळतो, तेव्हा हे अशक्य नाही. पण सहा मीटरवरून ताशी ११० नं मनगटी शॉट आला तर हातात उरतो पाचवा हिस्सा सेकंद. डोळ्यांनी पाहून हात हलवायलाच जवळजवळ तेवढा वेळ जातो. म्हणून गोलीची कामं दोन: लांबून आलेला पक पाहून अडवायचा आणि जवळून येणाऱ्यासाठी जागा आधीच भरून ठेवायची. बटरफ्लाय हे मुख्यतः दुसऱ्या कामाचं हत्यार आहे. तुमच्या मुलाची गडबड इथेच होतेय असा माझा अंदाज आहे, पण त्यावर नंतर येतो.

मग हा हिशेब शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांना कळत नव्हता का? काहींना कळत होता. १९१७ मध्ये एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक हॉकी लीग, सुरू झाली तेव्हा नियमच होता की गोलीनं पक अडवण्यासाठी बर्फावर पडायचं नाही. पडला तर शिक्षा. ओटावाचा क्लिंट बेनेडिक्ट मात्र दर सामन्यात काही ना काही निमित्तानं गुडघ्यांवर यायचा. लोकांनी त्याचं नावच ठेवलं, प्रार्थना करणारा बेनी. मुद्दाम पडला की पाय घसरला, हे पंचांनी ठरवायचं कसं? शेवटी जानेवारी १९१८ मध्ये, पहिला हंगाम निम्माही झाला नव्हता, लीगनं तो नियमच काढून टाकला.

तरीही पुढची चाळीस वर्षं बहुतेक गोली शक्यतो उभेच राहिले. परवानगी मिळाली होती, मग अडलं कुठे? मी याचं उत्तर मुलांना नेहमी एकाच कृतीनं देतो. त्यांना बर्फावर गुडघे टेकून बसायला सांगतो आणि एका मोठ्या माणसालाही शेजारी बसवतो. मग विचारतो, "बघा, काकांचं तोंड आता कुठे आलं?" मोठ्या माणसाचं तोंड बरोबर जाळ्याच्या वरच्या दांड्याच्या थोडं खाली येतं. म्हणजे जिथे नेमबाज पक मारू पाहतो, नेमकं तिथे. पक म्हणजे १७० ग्रॅमपर्यंत वजनाचं कडक, गोठवलेलं रबर. उघड्या चेहऱ्यानं त्या जागी कोण बसेल?

मुखवट्याचे प्रयोग आधीही झाले होते. १९२७ मध्ये क्वीन्स विद्यापीठाच्या एलिझाबेथ ग्रॅहमनं तलवारबाजीची जाळी तोंडाला लावली होती. १९३० मध्ये त्याच बेनेडिक्टनं, तोपर्यंत तो माँट्रियल मरून्सकडे गेला होता, चेहऱ्यावर पक बसल्यावर चामड्याचा मुखवटा घातला, पण खालचं नीट दिसेना म्हणून काही सामन्यांतच काढून टाकला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं एनएचएलच्या सामन्यांत मुखवटा रुजलाच नाही. घातला तर भित्रा ठरण्याची भीती, आणि कोचला वाटायचं की मुखवटा घातलेला गोली पायाशी आलेला पक बघणार नाही. हे दुसरं कारण अगदीच खोटं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.

१ नोव्हेंबर १९५९. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. रेंजर्सच्या अँडी बाथगेटचा शॉट माँट्रियलच्या जॅक प्लाँटच्या नाकाशेजारी बसला. प्लाँट आत गेला, टाके घातले. त्या काळी संघ दुसरा गोली सोबत घेऊन फिरत नसत. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळं तिच्यामुळेच घडलं. १९२८ च्या स्टॅनली कपच्या, म्हणजे हॉकीतल्या सर्वोच्च चषकाच्या, अंतिम फेरीत रेंजर्सच्या गोलीच्या डोळ्याला लागलं तेव्हा ४४ वर्षांचे प्रशिक्षक लेस्टर पॅट्रिक स्वतः जाळ्यात उभे राहिले होते, इतकी ती पद्धत मुरलेली होती. प्लाँट सरावात फायबरग्लासचा मुखवटा वापरायचा, पण प्रशिक्षक टो ब्लेक सामन्यात घालू देत नव्हते. त्या रात्री प्लाँट म्हणाला, मुखवट्याशिवाय बाहेर येणार नाही. ब्लेककडे दुसरा माणूसच नव्हता. माँट्रियल ३-१ जिंकलं. पुढे मार्च १९६० मध्ये ब्लेकच्या आग्रहाखातर त्यानं एका सामन्यात मुखवटा काढून पाहिला, संघ हरला, आणि मुखवटा परत आला तो कायमचा. त्या हंगामात माँट्रियलनं सलग पाचवा स्टॅनली कप जिंकला, तेव्हा भित्रेपणाचा मुद्दा आपोआप मिटला.

माझ्या मते गोलीच्या इतिहासात याहून मोठी रात्र नाही. आणि ती चेहरा वाचला म्हणून नव्हे, तर त्यामुळे डोकं खाली नेता आलं म्हणून. तोवर काय चाललं होतं याची कल्पना हवी असेल तर टेरी सॉचुक हा गोली आठवा. १९६६ मध्ये एका अमेरिकी मासिकानं त्याच्या चेहऱ्यावर आयुष्यभरात पडलेले टाके मेकअपनं पुन्हा रंगवून फोटो छापला होता. तो फोटो मी पालकांना दाखवतो, मुलांना नाही. तरीही एनएचएलमधला शेवटचा उघड्या चेहऱ्याचा गोली, पिट्सबर्गचा अँडी ब्राऊन, एप्रिल १९७४ पर्यंत खेळलाच. सवय मोडायला पंधरा वर्षं लागली.

माझ्या या सिद्धांताला एक सणसणीत अपवाद आहे, तो लपवत नाही. ग्लेन हॉल. मुखवटा न घालता, १९५५ ते १९६२ या काळात सलग ५०२ सामने पूर्ण खेळला, आणि बटरफ्लायचा जनक म्हणूनही बहुतेक त्याचंच नाव घेतात. गुडघे जवळ, पावलं लांब, उलट्या व्हीसारखा तो खाली जायचा. पण तो क्षणभर खाली जाऊन लगेच उसळून उभा राहायचा. आताचे गोली खाली राहून सरकतात, एका गुडघ्याच्या ढकलीवर दुसऱ्या खांबापर्यंत जातात. आणि हॉलला हे काही फुकट मिळालं नव्हतं, सामन्याआधी त्याला उलट्या व्हायच्या.

आता पॅडचा मुद्दा. इथे क्रिकेटवाल्यांसाठी एक भेट आहे. फेब्रुवारी १८९६ मध्ये विनिपेग व्हिक्टोरियाजचा गोली जॉर्ज मेरिट स्टॅनली कपच्या सामन्यात क्रिकेटचे पॅड बांधून उतरला, आणि विनिपेगनं माँट्रियलला २-० हरवलं. गोलीचे पॅड असे आपल्या खेळातून आले. पण क्रिकेटचा पॅड गोल असतो, त्यावरून पक उडून जाळ्यातच जायचा. हॅमिल्टनमध्ये घोड्यांचं सामान शिवणाऱ्या पॉप केनेस्की नावाच्या कारागिरानं १९२० च्या दशकात ते रुंद आणि सपाट केले. पुढची कितीतरी वर्षं चामड्याचे, आत केस भरलेले तेच पॅड चालले. सामना संपेपर्यंत ते पाणी पिऊन जडशीळ व्हायचे. असे पॅड बांधून गुडघ्यांवर बसायचं आणि सेकंदात उठायचं, दर सामन्यात तीस वेळा? ऐंशीच्या दशकात कृत्रिम चामडं आणि फोम आला, पॅड हलके आणि कोरडे राहू लागले, तेव्हा कुठे खाली राहून खेळणं परवडू लागलं.

नेमका तेव्हाच माँट्रियलमध्ये पॅट्रिक रुआ आला. सोबत फ्रांस्वा आलेर हा प्रशिक्षक. आलेरनं या सगळ्या हिशेबाचा पाढा केला: कोन धर, बस, जागा भर, पक अंगावर येऊ दे. १९८६ मध्ये रुआनं पहिल्याच पूर्ण हंगामात स्टॅनली कप जिंकून दिला आणि क्यूबेकमधल्या पोरांनी गुडघे टेकले. पुढच्या दोन दशकांत सगळ्या जगानं टेकले.

मग श्रेय कोणाचं, गोलीचं की पॅडचं? आकडे बघा. १९८१-८२ मध्ये एनएचएलच्या एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल व्हायचे आणि गोली शंभरातले साधारण ८७ शॉट अडवायचे. २००३-०४ पर्यंत गोल पाचाच्या थोडे वर आले. मधल्या काळात सामान फुगलं होतं, यात शंका नाही. नव्वदच्या दशकातले खांद्याचे पॅड बघितले तर माणूस आत कुठे आहे ते शोधावं लागतं. म्हणून २००५ मध्ये पॅडची रुंदी १२ इंचांवरून ११ वर आणली. त्या हंगामात नियम इतरही बदलले आणि अडवण्याचं प्रमाण थोडं घसरलं, पण २०१५ च्या सुमारास ते पुन्हा चढून ९१ च्या पुढे गेलं, अरुंद पॅडवर. निव्वळ पॅडची करामत असती तर असं झालं नसतं. अलीकडे ते ९० च्या आसपास उतरलंय, कारण नेमबाजही शिकले. बसलेल्या गोलीला आडवा पास देऊन हलवायचं, किंवा कानाशेजारच्या भोकातून मारायचं. तेच भोक, जिथून तुमच्या मुलावर गोल होतायत.

आणि ज्यांना वाटतं की पाढा पाठ केला की झालं, त्यांनी डॉमिनिक हाशेकचे व्हिडिओ बघावेत. हा चेक गोली बर्फावर लोळायचा, काठी सोडून देऊन रिकाम्या हातानं पक उचलायचा. कुठल्याच पुस्तकात न बसणारा. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत त्यानं शूटआउटमध्ये कॅनडाचे पाचही नेमबाज परतवले. माझा एक जुना सहकारी अजून त्याचा विषय काढू देत नाही. पण हाशेक सरावात नीट पाहिला तर कळतं, तो शेवटपर्यंत पक वाचत थांबायचा. बाकीचे बसायची घाई करायचे, त्याला घाई नव्हती.

आता तुमच्या मुलाकडे येऊ. १४० सेंटिमीटरचा मुलगा गुडघ्यांवर बसला की त्याचे खांदे ८० च्या आसपास येतात. लागतात ९८. म्हणजे तो अगदी योग्य जागी पुढे येऊन बसला तरी डोक्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर फट राहणारच, आणि गोलरेषेवर बसला तर हातभर. हा त्याचा दोष नाही. एनएचएलच्या गोलीसाठी शिवलेला सदरा त्याच्या अंगावर घातलाय, इतकंच. नऊ वर्षांच्या बहुतेक पोरांना पक फारसा उचलता येत नाही, त्यामुळे तिथे बसून सगळं भागतं आणि कोचलाही वाटतं जमलं. अकराव्या वर्षी समोरची मुलं उचलायला लागतात आणि एका हंगामात चित्र पालटतं. त्याची उंची वाढेपर्यंत लांबच्या शॉटला त्यानं पायांवर थांबावं, पक काठीवरून सुटलेला पाहावा, मग बसायचं की नाही ते ठरवावं. जाळ्यासमोरच्या गर्दीत, अंगावरून परत उडालेल्या पकवर (रिबाउंडवर), अगदी जवळच्या शॉटला मात्र बसावंच. तिथे तुमचे कोच बरोबर आहेत. कोचला "बसवू नका" म्हणू नका. "लांबच्या शॉटला थोडं उशिरा बसला तर चालेल का?" असं विचारा. मी स्वतः कोच आहे, पहिल्या वाक्यानं मलाही राग आला असता.

गुडघ्यांचं म्हणाल तर बर्फावर आपटण्याची काळजी त्यामानानं कमी. पॅडमध्ये गुडघ्याखाली जाड गादी असते, ती त्याच्या मापाची आहे ना एवढं तपासा. मोठ्या भावाचे, सैल पॅड असतील तर गुडघा गादीवर न पडता बाजूला बर्फावर पडतो. माझी खरी काळजी नितंबाच्या सांध्याची असते. पावलं बाहेर पसरताना मांडीचं हाड खोबणीत आतल्या बाजूला वळतं, आणि ते किती वळेल हे प्रत्येकाच्या हाडांच्या घडणीवर असतं. सरावानं वाढायलाही मर्यादा आहे. व्यावसायिक गोलींमध्ये या सांध्याच्या शस्त्रक्रिया नेहमीच्या झाल्यात. मी हे चूक करून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका बारा वर्षांच्या मुलीला "अजून पसर, अजून पसर" म्हणत राहिलो. ती बिचारी सांगायची जांघेत दुखतंय, मी म्हणायचो स्नायू ताणला असेल. फिजिओथेरपिस्टकडे नेल्यावर कळलं की तिचा सांधा तेवढा वळतच नाही. अर्धा हंगाम तिनं बाहेर बसून काढला. तेव्हापासून मी पायांचा कोन मुलावर सोडतो, अरुंद तर अरुंद. मी डॉक्टर नाही, पण जांघेतलं दुखणं दोन आठवड्यांत गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, आणि उन्हाळ्यात गोलीचे वर्ग बंद करून त्याला सॉकर किंवा क्रिकेट खेळू द्या. विकेटकीपिंगबद्दल माझं मत काय असेल ते सांगायला नको.

हे सगळं त्याला तोंडी सांगू नका, अकरा वर्षांच्या मुलाला सेंटिमीटर ऐकायचे नसतात. घराच्या ड्राइव्हवेवर जाळं असेल तर तीन दोऱ्या घ्या. दोन दोन्ही खांबांना तळाशी बांधा, तिसरी वरच्या दांड्याच्या मध्यावर, आणि तिन्हींची टोकं नऊ मीटरवर जमिनीवर ठेवलेल्या पकखाली दाबा. त्याला आधी जाळ्याच्या रेषेवर बसवा, मग चार पावलं पुढे आणून बसवा, मग तिथेच उभा करा. दर वेळी त्याच्या खांद्याच्या उंचीवर खूण केलेली काठी तुम्ही त्या जागी धरायची, त्यानं स्वतः पकपाशी यायचं, पोटावर झोपायचं आणि गाल जमिनीला लावून पकच्या उंचीवरून बघायचं. उभ्यानं बघून काही कळत नाही, कारण शॉट डोळ्यांतून सुटत नाही, जमिनीवरून सुटतो. तिसरी दोरी खांद्याच्या खुणेच्या किती वर जाते ते त्याला स्वतःला दिसू द्या. शेजारी विचारतील पोरगं जमिनीवर का लोळतंय, त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.